जुनं पोलीस दप्तर शोधायचं कुठे? मुंबई इलाखा, वऱ्हाड, निजामी मुलूख आणि संस्थानं

कृष्णाकाठ
घराण्यातल्या दोन माणसांचे कागद शोधायचे आहेत. एक पोलीस शिपाई. त्यांचा बक्कल नंबर माहीत आहे आणि 'साउथ सातारा' असा शिक्का असलेला बदलीचा एक दाखला हाती आहे. दुसरे त्यांचे थोरले भाऊ, गावचे पोलीस पाटील, काळ साधारण १९२० ते १९४०. दोघांसाठी थेट मुंबईच्या पुराभिलेखागारात जावं का? तिथे नावाने शोधता येतं का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

दफ्तरदार
नावाने शोधता येत नाही आणि या दोन्ही माणसांसाठी आधी मुंबई गाठायची गरजही नाही. सरकारी कागद माणसाच्या नावाने लागत नाही. तो लागतो खातं, वर्ष आणि ठिकाण या तीन गोष्टींनी. पहिलं काम म्हणजे त्या वर्षी त्या गावावर राज्य कोणाचं होतं आणि माणूस कोणत्या खात्याखाली होता, हे पक्कं करणं. बहुतेकांची सहा-सहा महिन्यांची पायपीट चुकीच्या खात्यात होते.

तुमच्या शिक्क्यापासून सुरुवात करू. सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग १९४९ मध्ये झाले आणि दक्षिण साताऱ्याचं नाव १९६० मध्ये सांगली झालं. म्हणजे दाखला त्या अकरा वर्षांतला. त्याआधीची नोकरी सातारा जिल्ह्यात असेल तर ते कागद साताऱ्याला. संस्थानी मुलखात, म्हणजे सांगली, मिरज, औंध, जत वगैरे ठिकाणी असेल तर गोष्ट वेगळी, कारण १९४८-४९ च्या विलीनीकरणापर्यंत तिथले पोलीस संस्थानचे नोकर होते. विलीनीकरणात शिपाई मुंबई राज्याच्या पोलिसांत घेतले गेले की सेवापुस्तकात तशी नोंद पडते आणि तिथून पुढे नवा बक्कल नंबर सुरू होतो.

जिल्ह्यांची नावं बदलल्याने फसगत होते ती अशी: कुलाबा म्हणजे आजचं रायगड, पूर्व खानदेश म्हणजे जळगाव, पश्चिम खानदेश म्हणजे धुळे-नंदुरबार, आणि जुन्या कागदात कलादगी दिसलं की तो पुढचा विजापूर जिल्हा. इंग्रजी सूचीत ठाणे 'टॅन्ना' म्हणून टच्या ओळीत आणि रत्नागिरी 'रटनागेरी'सारख्या स्पेलिंगने येते. एकाच स्पेलिंगवर अडून बसलात तर अर्धी सूची हातची जाते.

ठाणे_अंमलदार
शिपायाच्या कागदांबद्दल.

बक्कल नंबर ही माणसाची कायमची ओळख नाही. तो जिल्ह्याचा नंबर असतो. बदली झाली की तो मागे राहतो, आणि माणूस निवृत्त झाला की तोच नंबर नव्या भरतीला मिळतो. म्हणून 'बक्कल नंबर अमुक' एवढंच विचारलं तर आस्थापना शाखेतला कारकून हात वर करणार. नंबर, जिल्हा आणि वर्ष हे तिन्ही एकत्र द्यायचं.

मिळू शकतात ते कागद असे. सेवापुस्तक: त्यात बापाचं नाव, जात, जन्मतारीख, उंची, छाती, ओळखखुणा, बोटांचे ठसे आणि पुढे बदल्या-बढत्या. प्रत्येक नोंदीपुढे डी.ओ. नंबर म्हणजे जिल्हा हुकुमाचा क्रमांक असतो. तो उतरवून घ्याच, कारण सेवापुस्तक नसलं तरी हुकुमांची पुस्तकं कधीकधी शिल्लक असतात आणि त्यांतून माणूस पुन्हा उभा करता येतो. बक्षिसांच्या रकान्यात जी.एस.टी. दिसलं तर दचकू नका, ते 'गुड सर्व्हिस टिकीट'. कराशी संबंध नाही. :)

सेवापुस्तक ज्या कार्यालयातून माणूस निवृत्त झाला तिथे राहतं, भरती झाला तिथे नव्हे. इथे फार लोक चुकतात.

तिसरी वाट पेन्शनची. कुटुंबात कोणालाही कधी निवृत्तिवेतन मिळालं असेल तर पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डरचा क्रमांक, शोधा. त्या नंबराने कोषागार आणि महालेखापाल कार्यालय या दोन्हीकडे विचारता येतं. पोलीस अधीक्षक कार्यालयात 'कागद नाही' म्हटलेल्या माणसाचा माग कोषागारात लागू शकतो, कारण ते खातं वेगळं आणि तिथली साफसफाईही वेगळी.

मुंबई शहर पोलीस हे निराळंच संस्थान समजा. आयुक्तपद १८६४ पासून, स्वतंत्र कायदा १९०२ चा, वार्षिक अहवालही वेगळा छापला जाई. शहरातल्या शिपायाला इलाख्याच्या अहवालात शोधू नये.

मोडीवाचक
पोलीस पाटलाबद्दल मी लिहितो, कारण इथे चूक जवळजवळ ठरलेली असते. लोक पोलीस ठाण्यात जातात. पोलीस पाटील ठाण्याचा माणूस नव्हताच. १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने गावपोलीस जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या, म्हणजे कलेक्टरच्या हाताखाली दिले. त्यामुळे नेमणूक, दंड, रजा, राजीनामा, सगळा पत्रव्यवहार महसुली दप्तरात: मामलेदार कचेरी, प्रांत, कलेक्टर. आज तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचा अभिलेख कक्ष.

पाटीलकी वतनी असेल तर आणखी चांगलं. १८७४ च्या वतन कायद्याखाली वतनदारांची नोंद झाली आणि कामगिरी कोणत्या शाखेने कधी करायची हे लिहिलं गेलं. घराण्यात चार तक्षिमा (वाटे) असतील तर पाळीपाळीने चाकरी. वारसाचा तंटा झालेला असेल तर तुमचं भाग्य, कारण तंट्याच्या कागदात वंशावळ जोडलेली असते. मुलकी पाटील आणि पोलीस पाटील एकच की दोन, हेही तिथेच कळतं.

घरबसल्या करण्यासारखं काम म्हणजे गावचे जुने फेरफार, गाव नमुना ६, पाहणे. महसूल खात्याच्या संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन करून टाकलेले आहेत. इनाम-वतन जमिनींसाठी गाव नमुना ३. रामोशी, महार, जागल्या यांची गावराखणीची वतनं १९५८ च्या कायद्याने आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने खालसा झाली. त्या वेळचे 'वतन कमी' झाल्याचे फेरफार हाती लागले की तिथून मागे सरकत जाता येतं. हल्लीचे पोलीस पाटील १९६७ च्या कायद्याने नेमलेले, वंशपरंपरेशी त्यांचा संबंध नाही.

मोडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतचा गावपातळीवरचा कागद मोडीतच असणार असं धरून चाला. ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, शिरोरेघ आधी ओढलेली. गावाचं नाव कागदाच्या वरच्या भागात एकदाच येतं आणि पुढे नुसतं 'मौजे मजकूर', म्हणजे वर सांगितलेलं गाव. मधलंच पान हाती आलं तर गाव कोणतं ते त्या पानावरून कळणार नाही, म्हणून फोटो काढताना पहिलं पान सोडू नका. आडनाव शोधू नका. 'सखाराम बिन रामजी पाटील', म्हणजे रामजीचा मुलगा सखाराम, असं असतं आणि त्यातलं 'बिन' हेसुद्धा 'बि॥' असं आखडलेलं.

सह्यवारा
मोडीवाचक, +१. भर घालतो. सातारा भागात १९४२-४३ मध्ये चावड्या जाळल्या गेल्या, गावची दप्तरं त्यात गेली. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत कुलकर्ण्यांच्या घरांतली खाजगी दप्तरंही गेली. त्यामुळे गावात नाही म्हणजे कुठेच नाही असं नसतं. तालुक्याला पाठवलेली प्रत बघायची.

कृष्णाकाठ
फारच उपयोगी. मग मुंबईच्या पुराभिलेखागारात पोलिसांचं आहे तरी काय?

दफ्तरदार
भरपूर आहे, पण वरच्या पातळीचं. फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं ते दप्तर सचिवालयाचं. १८२१ पासून त्याची व्यवस्था लावलेली. एकोणिसाव्या शतकात पोलीस हा स्वतंत्र विषय म्हणून सापडत नाही, तो ज्युडिशियल डिपार्टमेंटच्या खंडांत आहे. विसाव्या शतकात होम डिपार्टमेंट, आणि राजकीय चळवळींसाठी 'होम स्पेशल'च्या फायली. मागणी करताना खातं, वर्ष, खंड, कंपायलेशन (एका विषयाचे एकत्र लावलेले कागद) क्रमांक असा क्रम. आधी त्या वर्षाची सूची मागवा, सूचीतून कंपायलेशन क्रमांक काढा, मग चिठ्ठी भरा. उलट क्रमाने काम होत नाही.

जाताना ओळखपत्र आणि संस्थेचं किंवा मार्गदर्शकाचं शिफारसपत्र न्या. ठिसूळ झालेला खंड देत नाहीत, आणि त्यावर वाद घालून उपयोग नाही. त्याची मायक्रोफिल्म आहे का हे विचारा. पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला विभागीय कार्यालयं आहेत. कोल्हापूर संस्थानचं पाहिजे असेल तर मुंबईला जाऊच नका.

एकाच प्रकरणाचे कागद किती ठिकाणी फाकतात याचा नमुना म्हणून वासुदेव बळवंत फडक्यांचं प्रकरण घ्या. १८७९ ची मोहीम पुणे पोलिसांचे मेजर डॅनियल यांनी चालवली, म्हणून मुख्य कागद ज्युडिशियल खात्यात. जुलैत देवर नावदगीला पकडलं तेव्हा निजामाच्या पोलिसांतले अब्दुल हक बरोबर होते आणि हैदराबादशी पत्रव्यवहार म्हणजे पोलिटिकल खातं. खटला पुण्याच्या सेशन्स कोर्टात. जन्मठेप एडनला. एडन तेव्हा मुंबई इलाख्याचाच भाग, म्हणून तिथून पळून जाण्याचा प्रयत्न आणि १७ फेब्रुवारी १८८३ चा मृत्यू यांचा पत्रव्यवहारही मुंबई सरकारकडेच येणार. नुसती 'पुणे पोलीस, १८७९' ही ओळ वाचणाऱ्याला यातला फार तर एक तुकडा मिळेल.

परदेशस्थ_नाना
लंडनला असणाऱ्यांसाठी: ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स. पोलिसांचे छापील वार्षिक अहवाल व्ही/२४ मालिकेत, अधिकाऱ्यांच्या नोकरीचा इतिहास व्ही/१२ मध्ये, सिव्हिल लिस्ट व्ही/१३ मध्ये, इलाख्याची प्रोसीडिंग्ज पी मालिकेत. शिपाई-हवालदारांची वैयक्तिक नोंद यांत शोधू नये. वार्षिक अहवालात तक्ते असतात: मंजूर संख्या, सशस्त्र-नि:शस्त्र, साक्षर किती, शिक्षा किती, चोरीचा माल किती आणि परत मिळाला किती. नावं येतात ती वरच्या अधिकाऱ्यांची आणि क्वचित बक्षीसपात्रांची. दोन वर्षांचे आकडे ताडताना एक खबरदारी: १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. १९३५ आणि १९३७ च्या बेरजा शेजारी ठेवून 'पोलीस कमी केले' असा निष्कर्ष काढलेला छापील लेखांतही दिसतो.

गोदातीर
मराठवाड्याचं गणित पूर्ण वेगळं. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे पोलीस. कागद उर्दूत, १८८० च्या दशकाआधीचे फारसीत. हुद्देही वेगळे: जिल्ह्याचा प्रमुख मोहतमीम, ठाण्यावर अमीन, ठाण्याला कोतवाली. गाव दिवाणी (थेट सरकारी) मुलखातलं की सर्फ-ए-खास (निजामाची खाजगी मालमत्ता), पायगा (बड्या उमरावांची जहागीर) किंवा इतर जहागिरीतलं हे आधी पाहा, कारण मोठ्या जहागिरींची पोलीस-व्यवस्था आपापली होती. वरच्या पातळीचे कागद हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात.

तारखा फसलीत, म्हणजे निजामी महसुली सनात, असतात. वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्याने उघडतं. इसवी सन काढायला आजूर, दै, बहमन या पहिल्या तीन महिन्यांना ५९० मिळवा, इस्फंदारपासून पुढे ५९१. म्हणजे '१५ बहमन १३४०' हा डिसेंबर १९३० आणि '१५ इस्फंदार १३४०' हा जानेवारी १९३१. सरसकट ५९० मिळवणारे नऊ महिन्यांच्या कागदांत एक वर्ष मागे राहतात.

२०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा तपासायच्या कागदांच्या यादीत क्राइम रजिस्टर, अटक पंचनामे, एफआयआर रजिस्टर हेही होते. कारण साधं आहे: जुन्या पोलीस कागदात जातीचा रकाना असे. त्या कामामुळे कित्येक ठाण्यांत काय शिल्लक आहे त्याची मोजदाद झाली. तुमच्या तालुक्याची यादी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून बघा, आयतं काम झालेलं असेल.

वऱ्हाडी_ठेचा
विदर्भ विसरू नका राजेहो. नागपूर-चांद्याला मध्य प्रांत, तिथे १८६१ चा पोलीस कायदा, मुंबईचा नाही. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात, पण १९०३ पर्यंत कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत. म्हणून अमरावती-अकोल्याचा १८८० चा पोलीस अहवाल 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' या नावाखाली सापडते, नागपूरच्या सूचीत नाही. मालगुजारी गावात पाटलाच्या जागी मुकद्दम शोधा.

सह्यवारा
सीआयडीचे साप्ताहिक गोषवारे, ज्यांना इतिहासकार 'अॅबस्ट्रॅक्ट्स' म्हणतात, ते कुठे बघायला मिळतील?

दफ्तरदार
मूळ खंड सहजी मिळत नाहीत, खास परवानगी लागते. निवडक उतारे मुंबई सरकारने १९५७ पासून छापलेल्या 'सोर्स मटेरियल फॉर अ हिस्टरी ऑफ द फ्रीडम मूव्हमेंट इन इंडिया' या खंडांत आहेत. पहिला खंड १८१८ ते १८८५, दुसरा १८८५ ते १९२०. संदर्भ पानाने नव्हे, वर्ष आणि परिच्छेद क्रमांकाने देतात.

वाचताना एवढं ध्यानात ठेवा की हा गोषवाऱ्याचा गोषवारा असतो. गावातला खबऱ्या मराठीत सांगणार, फौजदार तालुक्यात इंग्रजीत किंवा मराठीत लिहिणार, जिल्ह्याचा अधीक्षक त्यातून दोन ओळी काढणार, आणि पुण्या-मुंबईत त्या दोन ओळींची एक होणार. 'सभेला दोनशे लोक होते' हा आकडा कोणी मोजला हे कुठेच नसतं. त्याच अधीक्षकाचं मूळ पत्र ज्युडिशियल किंवा होमच्या फायलीत मिळालं तर नेहमी ते वापरावं. टिळकांच्या १९१६ च्या बेळगाव-अहमदनगर भाषणांचं प्रकरण याच्या उलट टोकाचं. तिथे पोलिसांचे मराठी लघुलेखक बसवलेले होते आणि त्या टिपणांवरच चांगल्या वर्तनाचा जामीन मागण्याची कारवाई उभी राहिली, जी हायकोर्टाने नोव्हेंबरमध्ये रद्द केली. लघुलेखकाची नोंद आणि खबऱ्याची बातमी यांना एकाच तराजूत घालू नये. आणि 'नेटिव्ह न्यूजपेपर रिपोर्ट' हा पोलिसांचा कागद नाही, तो सरकारी भाषांतरकाराच्या कचेरीचा.

मोडीवाचक
एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. या दप्तरात 'गुन्हेगार जमाती'ची रजिस्टरं सापडतात. कायदा १८७१ चा, मुंबई इलाख्याला १९११ पासून लागू, मुंबई राज्यात १९४९ मध्ये रद्द, देशभर ३१ ऑगस्ट १९५२ ला. या रजिस्टरात नाव असणं म्हणजे गुन्हा शाबीत झालेला असणं नव्हे. जमातीत जन्मलेल्या माणसाचं नाव, ठसे, हजेरी, आणि गाव सोडायचं तर पास. पासावर कुठून कुठे, किती दिवस, आणि पोचल्यावर तिथल्या पोलीस पाटलाची सही. सोलापुरात 'सेटलमेंट' हे वस्तीचं नाव आजही चालतं. त्या पानांचे फोटो नावांसकट समाजमाध्यमांवर टाकू नका. नातवंडं त्याच गावांत राहतात. कुटुंबातल्याच कोणी मागितलं तर त्याला त्याचं पान जरूर दाखवा, जातीच्या दाखल्याला तोच पुरावा कामी येतो.

कृष्णाकाठ
आता माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो. कसा लिहू? 'जुने सर्व अभिलेख द्यावेत' असं लिहिलं तर?

ठाणे_अंमलदार
तर 'माहिती विस्तृत आहे' असं उत्तर येईल आणि ते त्यांचं बरोबरही असेल. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये. शिपायासाठी एक अर्ज पोलीस अधीक्षक, सांगली यांच्याकडे, पाटलासाठी वेगळा अर्ज तहसीलदारांकडे. एकत्र करू नका.

मजकूर साधारण असा ठेवा:

'पोलीस शिपाई (नाव, वडिलांचे नाव), बक्कल नंबर अमुक, जिल्हा दक्षिण सातारा/सांगली, सेवाकाल अंदाजे अमुक ते अमुक. १) यांचे सेवापुस्तक किंवा सेवापट उपलब्ध असल्यास त्याची प्रत. २) उपलब्ध नसल्यास ते कोणत्या अभिलेख वर्गात मोडत होते व नष्ट केले असल्यास नष्ट करण्याच्या आदेशाची व यादीतील संबंधित पानाची प्रत. ३) अन्य कार्यालयाकडे वर्ग केले असल्यास त्या कार्यालयाचे नाव व पत्राची प्रत.'

दुसरा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. दप्तराचे वर्ग असतात: 'अ' कायम, 'ब' तीस वर्षं, 'क' त्याहून कमी, 'ड' वर्षभर. नष्ट करताना यादी करून मंजुरी घ्यावी लागते. यादी नाही म्हणजे कागद रीतसर नष्ट झालेला नाही, तो कुठल्यातरी गठ्ठ्यात आहे किंवा वाळवीने खाल्ला आहे, आणि या दोन्हींत फरक आहे.

'खाजगी माहिती आहे' म्हणून नाकारलं तर कलम ८(३) दाखवा. वीस वर्षांहून जुन्या घटनेला ती सबब लागू होत नाही. सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद एवढेच अपवाद उरतात. गुप्तवार्ता विभागाकडे मात्र अर्ज करून उपयोग नाही, तो कायद्यातून वगळलेला आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला तर पाच दिवसांत योग्य जागी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तीस दिवसांत उत्तर नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

सह्यवारा
'पुरात गेलं' असं उत्तर येतं त्याचं काय करायचं? पुण्यात तर प्रत्येक जुना कागद पानशेतला वाहून गेलेला असतो.

ठाणे_अंमलदार
१२ जुलै १९६१ नंतरच्या कागदाबद्दलही हे उत्तर मिळतं. :) नुकसान झालं असेल तर पंचनामा आणि वरिष्ठांना केलेला अहवाल असणारच. वरच्या मसुद्यात चौथा मुद्दा घाला: 'आपत्तीत नष्ट झाल्यास त्याचा पंचनामा व अहवालाची प्रत.' शब्द १५० च्या आत बसतायत का ते मोजून घ्या.